मुंग्यांनी नाकारलेलं सरबत

माझे साडू मोहनराव यांना तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस बीड जिल्ह्यात असेल असं मला वाटत नाही. असलाच तर तो एव्हाना बदली करून लातूरकडं गेला असणार. मोहनराव फौजदार म्हणून रिटायर झाले, पण त्यांची मिशी अजून ड्यूटीवर आहे. कमरेला डाव्या अंगाला चामड्याचं पाकीट असतं. आत काय आहे हे गावात कुणी विचारत नाही. आपल्याकडं कमरेला तसलं पाकीट असलेल्या माणसाला काही विचारायची पद्धतच नाही. नमस्कार घालायचा आणि रस्त्याची कड धरायची.

तर त्यांच्या स्वप्नालीचा साखरपुडा ठरला. मुलगा धर्मापुरीच्या अर्जुनरावांचा वीरेश. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं आणि घरच्यांनी फार नंतर, फार कुरकुरत. मोहनरावांनी पोरीला बजावलं होतं, "ह्यात काही कमीजास्त झालं, तर परत ह्या पोराचं नाव काढायचं न्हाई. मी म्हनीन तिथं गुमान उभी राहायचं." आणि मोहनराव म्हणतील तिथं म्हणजे कुठं, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं: गेवराईकडचा एक ठेकेदार, वय वाढलेला, केस कमी झालेला.

साखरपुड्याच्या आधी ते आमच्या घरी आले. आमची शांतादेवी त्यांची मेहुणी. तिनं चहा ठेवला. मोहनराव खुर्चीत बसले, खुर्ची कण्हली.

"कंट्रोलर," ते म्हणाले. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. रिटायर झालो तरी हाक तीच राहिली. "एक अडचन हाय."

"बोला की."

"अर्जुनराव, त्येंचे दोन भाऊ, मामा, आत्या, समद्यांला शुगर. त्येंनी फोनवर सांगितलं, येतो, पन गोड पाजून मारू नका. अन् त्येंची आई, आव्वा, ती म्हनती साखरपुड्याला साखरेचंच सरबत पाहिजे. त्येंच्या घरात एकदा गुळाचं पाजलतं म्हनं, तर ती सोयरीक सा महिन्यात मोडली."

"मग दोन भांडी करायची. एक साखरेचं, एक बिनसाखरेचं."

"अन् आव्वानं बिनसाखरेचं भांडं बघितलं तर? ती समद्यांच्या गिलासात डोकावती." मोहनराव पुढं वाकले. "भांडं एकच. चव साखरेची. आत साखर न्हाई. आव्वाला सांगायचं साखर हाय, अर्जुनरावाला कानात सांगायचं न्हाई. कोन करील असं?"

आता इथं शहाणा माणूस गप्प बसतो. पण बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, आणि तिच्या तोंडावर 'ह्यांच्यानं काय व्हायचंय' असे भाव होते. ते भाव आमच्या लग्नापासून तिथं मुक्कामाला आहेत. मी म्हणालो, "मी करतो."

माझ्याच तोंडातून ते शब्द निघाले याची खात्री करायला मी मागं वळून पाहिलं. मागं फक्त भिंत होती.

*

तेलगावच्या फाट्यावर चाँदभाईचं सोड्याचं दुकान आहे. गोळीच्या बाटल्या, सोड्याचं मशीन, गुलाब, लेमन, जिरा. मी डेपोत असताना माझ्या घशाची सगळी देखभाल त्याच्याकडं होती. दिवसभर माईकवरून 'परळी-बीड गाडी फलाट क्रमांक दोनवर' असं ओरडल्यावर त्याचा लेमन सोडा घशाखाली गेला की जीव परत फलाटावर यायचा.

त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. मोहनरावांचं नाव ऐकल्यावर हसू अर्ध्यात थांबलं.

"कंट्रोलरसाब, मरवाते क्या? फौजदाराच्या घरचं काम हाय. चव बिघडली तर दुकान ऱ्हाईल का माझं?"

"चव बिघडणार नाही. आपण प्रयोग करू."

"प्रयोग तुमी करा. मी मशीन फिरवतो."

आम्ही गुळापासून सुरुवात केली, आव्वाचा शाप विसरून, फक्त सराव म्हणून. गुळाच्या पाण्यात सोडा सोडला तर म्हशी बसून उठलेल्या डबक्याचा रंग आला आणि त्यावर फेस. चव अशी, की काकवीला ढेकर यावी. शिवाय गुळातही साखरच असते हे चाँदभाईच्या बायकोनं, अफसानाभाभीनं, आतून ओरडून सांगितलं.

मग सॅकरीन. गारीगारवाले पूर्वी वापरायचे तेच. जिभेला लागताच लई गोड. मी खूश होऊन चाँदभाईच्या पाठीवर थाप मारली. थाप पोचेपर्यंत गोडी गेली आणि मागून पत्रा आला. गंजका पत्रा. एसटीच्या मागच्या खिडकीची सळई चाटल्यासारखी चव. ती मी कधी चाटली हे विचारू नका, घाटात गाडी वळली की माणसाचं तोंड कुठंही जातं.

त्यानंतर गोड तुळशीच्या पानाची पूड. हिची तऱ्हा उलटी. घोट घेतला, काहीच नाही. गिलास ठेवला, तोंड पुसलं, निघालो, रस्ता ओलांडला, आणि तिकडं देशमुखाच्या टपरीसमोर गोडी आली. आली ती मुक्कामालाच. संध्याकाळी पिठलं खाल्लं तर ज्येष्ठमध घातल्यासारखं लागलं. शांतादेवीनं विचारलं, "कसं झालंय?" मी म्हणालो, "गोड." तिनं ताट उचलून नेलं.

आणखी एक पांढरी खडी साखरेसारखीच दिसायची. ती तोंडात टाकली की गार पडायची, पेपरमिंट खाल्ल्यासारखी. एका गिलासाला ठीक, पण चाँदभाईनं हौसेनं दोन-तीन प्याला आणि दुपारभर दुकानाला कुलूप होतं. कुठं गेलता विचारलं तर म्हणाला, "पोटानं बोलावलंतं."

शेवटी शहरातून मागवलेली एक पूड आली. साखरेच्या शेकडो पट गोड. पाकीट उघडतानाच मला धाक पडला. एवढ्याशा पुडीत सगळ्या साखर कारखान्याचा माल बसवलेला, आणि ती उघड्या हवेत, दोन म्हाताऱ्यांच्या ताब्यात. मी श्वास रोखून चमच्याच्या टोकावर घेतली. चाँदभाई बघायला वाकला. आणि शिंकला.

खरं सांगतो, त्या दिवशी फाट्यावर मीठ उरलं नाही. चाँदभाईचा जिरा सोडा गोड, काळं मीठ गोड, समोरच्याची बिडी गोड. त्याच्या मिशीत जी पूड बसली ती तीन आंघोळींना पुरून उरली. अफसानाभाभी म्हणाल्या, नमाजाआधी हात-तोंड धुऊन वजू केला की ओंजळीतलं पाणीसुद्धा सरबत. एक ट्रकवाला मांजरसुंब्याहून गाडी हाकत आलता. त्यानं आमच्याकडं साधं पाणी मागितलं, प्याला, आणि म्हणाला, "तुमच्या बोअरला लई गोड पानी हाय, कावून विकत न्हाई बे?"

पण चव मात्र जवळ आली होती. फक्त सरबत पातळ लागायचं. साखरेचा पाक कसा जिभेवर बसतो, अंगानं जड असतो; हे नुसतं पाण्यासारखं वाहून जायचं. मग मी सब्जा भिजवून घातला, थोडा डिंक उकळून घातला, अंग आलं. सॅकरीन अगदी नखभर टाकलं की पूड त्याचा कडूपणा झाकायची आणि सॅकरीन पुडीची रेंगाळणारी गोडी झाकायचं, जशा जावा-जावा एकमेकींचं झाकतात. चिमूट मीठ, लिंबू, गुलाब. चाँदभाईनं घोट घेतला, डोळे मिटले.

"कंट्रोलरसाब," तो हळू म्हणाला, "ही तर साखर हाय."

त्या क्षणी मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. तेवढ्यात दुकानासमोर आप्पाराव उभे राहिले.

*

आप्पाराव आमचे शेजारी. त्यांच्या मोबाईलवर जगातल्या सगळ्या मरणांच्या बातम्या आधी येतात, मग मेलेल्यांच्या घरी.

"कृत्रिम गोडी?" ते दचकून दोन पावलं मागं सरकले. "वैजिनाथराव, तुमाला माहीत न्हाई? हाडं भुसभुशीत व्हत्यात. इसरभोळेपना येतो. परदेशात एक उंदीर..."

"काय झालं उंदराला?"

"ते पुढं आलं न्हाई. रेंज गेली." रेंज गेल्यामुळं तो उंदीर माझ्या डोक्यात रात्रंदिवस पडून राहिला. कधी हातपाय वर करून, कधी नुसताच माझ्याकडं बघत. "शिवाय," आप्पाराव म्हणाले, "पंगतीला असलं पाजायचं म्हंजे सरकारी परवानगी लागती. उद्या कोन आडवं झालं तर पैल्यांदा इचारतील, कागद कुठंय?"

मोहनराव एकीकडं आणि सरकार एकीकडं, मध्ये उंदीर. मी बाटली पिशवीत घातली आणि बीड गाठलं. कचेरीचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांना अजून माझा पत्ता माहीत आहे.

साहेबांनी विचारलं, "सरबतात साखर किती?"

"नाही."

"नाही म्हणजे किती?"

"म्हणजे नाहीच."

साहेबांनी चष्मा काढला. "साखर घातली असती तर घरगुती कार्यक्रमाला आमचं काही म्हणणं नव्हतं. नाही घातली, म्हणजे का नाही घातली हा प्रश्न उपस्थित होतो. नमुना आणलाय?"

मी बाटली पुढं केली. त्यांनी बशीत ओतून घेतला, प्याले. शिपायाला बोलावलं, तो प्याला. शेजारच्या टेबलावरच्या बाई गिलास घेऊनच आल्या. बाटली रिकामी झाल्यावर साहेब म्हणाले, "नमुना अपुरा आहे. पुढच्या आठवड्यात मोठी बाटली आणा. थंड असली तर बरं."

"पण साहेब, साखरपुडा परवा आहे."

"मग तुमच्या जबाबदारीवर करा," ते म्हणाले, आणि 'तुमच्या' या शब्दावर असा जोर दिला, की मला परतीच्या गाडीत तुरुंगाचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज येत राहिला.

एक मात्र केलं. त्या दिवसापासून सरबताचा थेंब मी स्वतः घशाखाली जाऊ दिला नाही. चव बघायची आणि थुंकायचं. गिळायचं काम चाँदभाईकडं. उंदीर कुणी व्हायचं हे जगात वाटून द्यावंच लागतं.

*

साखरपुड्याच्या सकाळी मोहनरावांच्या अंगणात मांडव. धर्मापुरीची मंडळी दोन गाड्या भरून आली. अर्जुनराव गोल, घामट, हसरे. किराणा दुकानाचे मालक, पण गेल्या काही वर्षांत स्वतःच्या दुकानातला गोड डबा त्यांनी लांबूनच पाहिलेला. वीरेश खाली मान घालून स्वप्नालीकडं बघत होता आणि स्वप्नाली तशीच मान खाली घालून त्याच्याकडं. आणि मधोमध आव्वा. महानंदाबाई. काठीसारखी सरळ, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, डोळे असे की फलाटावरचा माणूसही आपोआप रांगेत उभा राहील.

चाँदभाई मशीन घेऊन कोपऱ्यात. मोहनरावांनी खुणेनं मला बोलावलं आणि मी अर्जुनरावांच्या कानाशी गेलो.

"बिनधास्त प्या. साखर नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच?"

"आईशपथ."

मग आव्वापुढं वाकलो. "आव्वा, चांगली दाणेदार साखर घातलीय."

"घालनारच की," आव्वा म्हणाल्या. "साखरपुडा हाय."

अर्जुनराव पहिला गिलास प्याले. दुसरा मागितला. तिसरा प्याले. त्यांचे भाऊ, मामा, आत्या, सगळे प्याले. "असं सरबत मेल्यापासून न्हाई पिलं," मामा म्हणाले. त्यांना 'शुगर झाल्यापासून' म्हणायचं असावं. चाँदभाईनं माझ्याकडं बघून बारीक हात वर केला. शांतादेवी बायकांत बसली होती. तिनंही एकदा माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या तोंडावर ते मुक्कामाचे भाव नव्हते. मला वाटलं, माणसाचं आयुष्य असंच सकाळी संपावं, दुपारपर्यंत वाट बघू नये.

आव्वानं मात्र गिलास तोंडाला लावला नव्हता. त्या उठल्या. गिलास घेऊन मांडवाच्या कडेला निघाल्या.

"कुठं निघाल्या?" मी विचारलं.

"मुंग्यांला घास द्यायला," शांतादेवी शांतपणे म्हणाली. "त्येंच्यात चांगल्या दिवशी गोड पैल्यांदा मुंगीला, मग मानसाला. सगळ्या धर्मापुरीला माहीत हाय. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

कंपाउंडच्या भिंतीखाली काळ्या मुंग्यांची लांबलचक रांग चालली होती. आव्वा खाली वाकल्या आणि गिलासातलं सरबत रांगेच्या शेजारी ओतलं. पुढची मुंगी आली. थांबली. मिशा हलवल्या. मागच्या मुंगीला काहीतरी म्हणाली. आणि मग, मी या डोळ्यांनी पाहिलं, सगळी रांग त्या ओल्या डागाला मोठा वळसा घालून निघून गेली. चिखल लागू नये म्हणून बाई पदर सावरते ना, तशी.

आव्वानं शेवटची मुंगी जाईपर्यंत बघितलं. मग सरळ झाल्या.

"पावणं," त्या मला म्हणाल्या, "जे मुंगी खाईना, ते तुमी माज्या लेकराला पाजलंत?"

मांडवातले सगळे गिलास ओठांपाशी थांबले.

*

आता भीती कशी पसरते हे सांगतो. पहिल्यांदा ती आप्पारावांच्या तोंडातून निघते.

"मी म्हनलंतं! उंदीर!"

"कसला उंदीर?" आत्या किंचाळल्या. "सरबतात उंदीर?"

मामांनी जीभ बाहेर काढली. "माझ्या जिभेची गोडी जाईना! तवाची हाय तशीच हाय!"

"माझीबी!"

"मला तर तोंडात गारगार लागतंय!"

ती खडी मी घातलीच नव्हती. पण भीतीला जिन्नस लागत नाही. एकजण हाडं दाबून बघायला लागला, भुसभुशीत झाली का म्हणून. अर्जुनरावांनी गिलास खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. कपाळ ओलं. त्यांना घाम नेहमीच यायचा, पण आज त्यांनी तो पहिल्यांदा लक्ष देऊन बघितला.

"मला गरगरतंय," ते म्हणाले आणि खुर्चीवरून हळूहळू खाली यायला लागले.

स्वप्नालीनं तोंडावर हात धरला. तिच्या शेजारी उभ्या बाईनं, बहुतेक गेवराईच्या ठेकेदाराकडची असावी, लगेच मांडवात त्याच्यासाठी जरा पुढं जागा धरली.

"पावणं," आव्वाची काठी माझ्या छातीकडं वळली. "खरं सांगा. तुमी पिलाव का ह्ये?"

"माझा... आज सोमवार आहे, आव्वा."

"आज गुरुवार हाय."

आणि तेवढ्यात मोहनराव उठले.  त्यांनी माझ्याकडं बघितलं, अर्जुनरावांकडं बघितलं, मिशीला पीळ दिला, आणि त्यांचा डावा हात सावकाश कमरेच्या पाकिटाकडं गेला. बटण उघडल्याचा टक् असा आवाज आला.

मी टेबलाखाली गेलो. चाँदभाई आधीच तिथं होता. तो कलमा पुटपुटत होता. मी काय पुटपुटत होतो ते मला आठवत नाही. बहुधा फलाट क्रमांक.

गोळीचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं मी टेबलाच्या कडेतून बघितलं. मोहनरावांच्या हातात शुगर मोजायचं मशीन होतं. बरोबर सुई, पट्टी, कापसाचा बोळा. अख्खा मांडव त्या मशीनकडं बघत होता. मोहनरावांची मिशी पहिल्यांदा खाली आली.

"ते पिस्तूल इलेक्शनात जमा केलतं," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "ते परत आलं न्हाई. आता पाकीट मोकळं कावून ठेवायचं? मलाबी शुगर हाय." मग आवाज पुन्हा सापडला. "अर्जुनराव! बोट काढा!"

मशीननं पिंक पिंक केलं. अर्जुनराव एका डोळ्यानं बघत होते. मग दोन्ही डोळे उघडले. खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"एवढी? घरी उपाशीपोटी येते त्यापरीस कमी! आव्वा, मी ठणठणीत हाय! पोटभर पिलो अन् शुगर वाढली न्हाई!" त्यांनी मला टेबलाखालून ओढून काढलं आणि मिठी मारली. मामांनी बोट पुढं केलं, आत्यांनी केलं, रांग लागली. बोटामागं बोट, आणि प्रत्येक आकड्याला हशा. गरगरणं थांबलं, हाडं घट्ट झाली. मला वाटलं, सुटलो.

आव्वाचा आवाज आला. हळूच.

"म्हंजे साखर न्हाई."

 विष नाही हे ज्यानं सिद्ध झालं, त्यानंच साखर नाही हेही सिद्ध झालं होतं. मी इकडं हललो तर मांजर आणि तिकडं हललो तर विहीर.

"साखरपुड्याला साखर न्हाई," आव्वा म्हणाल्या, "अन् वर मला सांगितलं दाणेदार. सोयरिकीची सुरुवातच लबाडीनं. उठा रे. गाड्या काढा."

वीरेश कधी नव्हे तो बोलला. "आव्वा, ऐक तर..."

"गाड्या काढा म्हनलं."

मोहनरावांच्या अंगणात माणसं उठायला लागली. स्वप्नाली जागेवर उभी होती आणि तिच्या ओंजळीतल्या हळदीकुंकवाच्या तबकाचा खडखड आवाज येत होता.  मला उंदीर, मोहनराव, सरकार, सगळ्यांची भीती वाटून झाली होती. पण त्या तबकाच्या आवाजाची जेवढी वाटली तेवढी कशाचीच नाही.

"आव्वा!" अर्जुनराव मध्ये आले. लेकरासारखे हात जोडून. "ह्येंच्यावर कावून चिडती? लबाडी म्हनशील तर... आपल्या घरातली साखर..."

"आपल्या घरातल्या साखरेचं काय?"

अर्जुनरावांनी मागं बघितलं. त्यांचे भाऊ मांडवाच्या छताकडं बघायला लागले. सुना पदराशी खेळायला लागल्या.

"तुज्या चहात साखर नसती, आव्वा. तुला शुगर निघाल्यापासून. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. डब्यात पूड असती. ही असली. समद्या घरानं मिळून..." त्यांनी भावांकडं हात केला. "तू रोज म्हनतीस चहा गोड हाय, अन् आमी रोज घाबरून पितो, आज कळतंय का उद्या."

आव्वा खाली बसल्या. सगळ्या मांडवात त्या एकट्याच बसल्या होत्या आणि बाकीचे उभे होते. आता आपल्याला कुणी मारत नाही, हे माझ्या लक्षात आलं. पण आनंद काही झाला नाही. त्या काठीवर हनुवटी टेकून बघत होत्या. लेकाकडं, सुनांकडं, नातवाकडं. प्रत्येकजण नजर चुकवत होता.

"समदी?" त्यांनी विचारलं.

अर्जुनरावांनी मान खाली घातली.

मग त्यांची नजर स्वप्नालीवर थांबली. "तू गं? तू येनार हायस का आमच्या घरात? तूबी मला पूडच पाजशील?"

मोहनरावांनी पोरीकडं डोळे वटारले: हो म्हण, साखर घालीन म्हण, काय वाटेल ते म्हण, पण म्हण. मीसुद्धा मनात तेच म्हणत होतो. एवढं सोपं होतं.

स्वप्नालीनं तबक खाली ठेवलं. "साखर घालीन आव्वा," ती म्हणाली. आवाज बारीक होता पण तुटला नाही. "अर्धा चमचा. सकाळच्याच चहात."

"अर्धा?"

"अर्धा. अन् संध्याकाळचा बिनसाखरेचा. तो तुमाला दाखवून करीन, न सांगता न्हाई. अन् शुगर वाढली तर तो अर्धाबी बंद करीन. तवा मला शिव्या द्या."

मोहनरावांनी डोळे मिटले. मी टेबल कुठंय ते बघून ठेवलं.

आव्वानं काठी जमिनीवर टेकवली. "पाऊन कर," त्या म्हणाल्या.

"अर्धा."

"सणाला?"

"सणाला पाऊन."

"हिला बोलता येतंय," आव्वा वीरेशला म्हणाल्या. "तुला न्हाई येत. बरं झालं." मग मोहनरावांकडं वळल्या. "आना साखर. पोरीच्या हातानं पुडा होऊ द्या."

आणि घरात साखर नव्हती. मोहनरावांना शुगर, म्हणून नव्हती. आमच्या घरात नव्हती. गल्लीत विचारलं, प्रत्येक घरातून एखादा पांढरा डबा निघायचा आणि मालक हळू आवाजात म्हणायचा, ती नव्हं, ही दुसरी. सगळ्या शिवारात उसाशिवाय काही दिसत नाही अशा गावात, साखरपुड्यासाठी चिमूटभर साखर सापडेना. शेवटी अफसानाभाभींनी फाट्यावरनं वाटीभर पाठवली.

स्वप्नालीनं चिमूट उचलली आणि आव्वाच्या तोंडात घातली.  आव्वानं जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. कपाळाला आठी पडली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "आली अन् गेलीबी?"

"साखर अशीच असती, आव्वा," अर्जुनराव चाचरत म्हणाले.

"इसरलेच व्हते मी." त्यांनी पदरानं ओठ पुसले. मग माझ्याकडं बोट केलं. "पावणं, तुमचं ते ऱ्हायलेलं हाय का? द्या एक गिलास. आता ठाव हाय ते काय हाय, आता पिते."

चाँदभाईनं मशीन फिरवलं. अर्धा सोडा माझ्या शर्टावर आला. आव्वा सावकाश प्याल्या, शेवटच्या सब्ज्याच्या दाण्यापर्यंत. गिलास ठेवला. 

"लग्नालाबी ह्येच करा," त्या म्हणाल्या. "समद्यांला सांगून. आव्वाच्या शब्दानं हाय म्हनावं. पन एक अट हाय."

"काय?" मी विचारलं.

"मांडवात पयला गिलास तुमी प्यायचा. समद्यांच्या म्होरं. थुकायचं न्हाई."

ही थुंकायची गोष्ट त्यांना कुणी सांगितली? मी चाँदभाईकडं बघितलं, तो मशीन पुसत होता. मी शांतादेवीकडं बघितलं. ती स्वप्नालीच्या कपाळाला कुंकू लावत होती आणि हसू आवरत होती. लग्न वैशाखात आहे. आप्पारावांना मी रोज विचारतो, त्या उंदराचं पुढं काय झालं. ते म्हणतात, रेंज नाही.